साळवे टीचरचा शेवटचा नंबर

आमच्या इमारतीतला सगळ्यात वाकडा दुधी, सगळ्यात किडकं वांगं आणि सगळ्यात पिवळी मेथी कोणाच्या घरी शिजते असं विचारलंत, तर वॉचमनसुद्धा तळमजल्याकडे बोट दाखवील. तिथे साळवे टीचर राहते. गरिबी आहे असं नाही, पेन्शन येते. डोळेही चांगले आहेत, सुईत दोरा स्वतः ओवते. पण भाजीवाला फाटकात आला की ती पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी पोहोचते आणि सगळ्यांच्या शेवटी घेते.

"तुमचं होऊ दे, मग माझं," हे तिचं पेटंट वाक्य. आमच्या घाटकोपरच्या त्या इमारतीत दिवसाला दहा वेळा तरी ते ऐकू येतं. भाजीवाला आता हुशार झालाय. खराब माल तो बाजूला काढत नाही, गाडीवरच ठेवतो. म्हणतो, "टीचर है ना."

मासेवालीचं मात्र तिच्याशी भांडण आहे. कोळीण पाटी घेऊन आत शिरली की पहिलं दार टीचरचं. तिला तिथेच भवानी करायची असते. पहिलं गिऱ्हाईक झाल्याशिवाय ती पाटी पुढे नेत नाही. आणि टीचर म्हणणार, "आधी वरच्यांचं होऊ दे गं."

"अगो बाय, भवानीची येळ हाय! घे ना पयलं!"

"वरच्यांना ताजे मिळू देत."

"सगलंच ताजं हाय! तुला काय बाजारातला देव बनाचा हाय काय?"

अशी दोघींची जुगलबंदी चालते आणि आम्ही वरचे जिन्यात ताटल्या घेऊन उभे. एकदा मीच खाली गेले, अर्धा किलो मांदेली घेतली आणि म्हटलं, झाली भवानी, सुटा दोघी.

एकदा संध्याकाळी ती स्टेशनवरून शेअर रिक्षाने यायला निघाली होती. रांगेतला मागचा माणूस घाईत दिसला की त्याला पुढे सोडायची. त्या वेळेला स्टेशनवर घाईत नसलेला माणूस कुठून मिळणार? शेवटी एक रिक्षावाला ओरडला, "मावशी, बैठना है या लाइन ही संभालनी है?" त्यावर ती त्याला म्हणाली, "बेटा, तुम पहले चाय पी लो."

हे सगळं तिला एका गोष्टीने लावलं. साळवे टीचर मूळची नगरकडची ख्रिस्ती. आयुष्यभर एका शाळेत बालवर्गाला शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नाही. दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती इमारतीतली पोरं गोळा करते आणि गोष्ट सांगते. हॉल म्हणजे तळमजल्यावरची एक मोठी खोली, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि एक सोंगट्या हरवलेला कॅरम. पोरं सगळ्या जातीधर्मांची. आईबापांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. रविवारी दुपारी पोर तासभर घराबाहेर जातं, यातच त्यांना देव भेटतो.

गोष्टी ती पुष्कळ सांगते, पण तिची लाडकी एक. अब्राहाम नावाचा म्हातारा काका आणि लोट नावाचा त्याचा पुतण्या. दोघांची गुरंढोरं, मेंढरं इतकी वाढली की पाणी आणि चारा पुरेना. गुराखी भांडायला लागले. "कसे भांडले माहितीये? आपल्याकडे टँकर आल्यावर भांडतात ना, तसे," टीचर सांगते. मग काका म्हणाला, आपण नात्यातले, भांडण नको. सगळा मुलूख समोर आहे. तू आधी निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. पुतण्याने बघितलं, एका बाजूला नदी, हिरवंगार खोरं. दुसऱ्या बाजूला डोंगर आणि धोंडे. त्याने हिरवं घेतलं आणि चालता झाला.

हे सांगताना टीचर जमिनीवर एका बाजूला हिरवा टॉवेल पसरते आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या दारातलं पायपुसणं. पोरांना लगेच कळतं.

"टीचर, पण काका मोठा होता ना? मग आधी त्याने घ्यायचं," पारकरांचा चिन्मय दरवेळी म्हणतो.

"मोठा होता म्हणूनच," टीचर दरवेळी म्हणते.

गोष्टीच्या शेवटी देव त्या काकाला सांगतो की नजर पोहोचेल तेवढी सगळी जमीन तुझी. इथेच सगळा घोटाळा झाला. एका रविवारी टीचरने गोष्ट संपल्यावर रव्याच्या लाडवांचं ताट आणलं. मुद्दाम एक लाडू नारळाएवढा वळलेला आणि बाकीचे सुपारीएवढे. म्हणाली, "घ्या एकेक. बघू कोण कोणाला आधी घेऊ देतं."

पोरं उठली आणि भिंतीकडे पळाली. सगळ्यांना शेवटचा नंबर हवा. ढकलाढकली, चिमटे, रडारड. "मी अब्राहाम!" "चल रे, तू लोट! मी अब्राहाम!" चिन्मय तर खुर्च्यांच्या मागे जाऊन लपला, म्हणजे त्याच्या मागे कोणी उभंच राहू नये. हेतवी नावाची बारीक पोरगी खाली पडली आणि तिचा हलणारा दात हातात आला. लाडवाला कोणी शिवलं नाही. मी आवाज ऐकून खाली गेले, तर टीचर ताट घेऊन मधोमध उभी आणि सगळी पोरं भिंतीला पाठ लावून एकमेकांना लाथा मारतायत.

"काय शिकवलंस गं हे?" मी विचारलं.

"निःस्वार्थीपणा," ती म्हणाली.

पण बाई चिवट. दुसऱ्या रविवारी तिने गोष्टीचा शेवटच छाटून टाकला.

"मग काकाला काय मिळालं?" पोरांनी विचारलं.

"धोंडे."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. धोंडे."

"मग त्याने कशाला दिलं?" ओवी उठून उभी राहिली. ती सेक्रेटरी नाईकांची नात, तोंडाने तिखट. "टीचर, ही गोष्ट पहिल्यापेक्षा बेकार आहे."

"आहे," टीचर म्हणाली. "आणि जोवर तुमच्यातला एक जण, लाडू मिळणार नसताना, कोणी बघत नसताना, दुसऱ्याला आधी घेऊ देत नाही, तोवर दर रविवारी हीच सांगणार."

आणि तिने सांगितली. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. अब्राहाम धोंड्यातच. पोरं कंटाळायची, पण यायची. घरी गेल्यावर नकला करायची. "धोंडे" म्हणताना टीचर मान कशी हलवते ते आमच्या इमारतीत कोणीही करून दाखवील.

मग गच्चीचं काम निघालं. वॉटरप्रूफिंग करायचं म्हणून गच्चीला कुलूप लागलं. आमचं बायकांचं भजनी मंडळ रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसायचं. आता बसायचं कुठे? हॉलमध्ये. नाईक म्हणाले, सकाळी हॉल योगावाल्यांना भाड्याने दिलाय, संध्याकाळी कमिटीची मीटिंग. मधे दोनच वेळा उरतात. दुपारी दोनची आणि चारची. "भजन एक वेळ घेईल, टीचर एक घेतील. तुम्ही दोघी ठरवा, मला मधे घेऊ नका."

दोन आणि चार यांत काय फरक ते आमच्या इमारतीत कोणालाही सांगावं लागत नाही. रविवारी दुपारी घराघरात मटण किंवा मासे. जेवायलाच दीड-दोन होतात. मग पंखा लावून माणसं आडवी पडतात, ती चहाच्या वासाने उठतात. दोन वाजता फक्त मांजरं जागी असतात.

नाईक हे बोलले तेव्हा आम्ही सगळे खालच्या पॅसेजमध्ये होतो आणि टीचरची सगळी पोरं तिथेच पकडापकडी खेळत होती. खेळ थांबला. पोरं टीचरकडे बघायला लागली. टीचर माझ्याकडे बघत होती.

"सावंत वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही आधी सांगा. दोन का चार?"

"चार," मी म्हटलं.

विचारलं, सांगितलं. आमच्या टाळ वाजवणाऱ्या कमळाबाई दुपारी गोळी घेऊन झोपतात, त्यांना दोन वाजता उठवायला बँड लागेल.

ओवी जोरात ओरडली, "सावंत आजी लोट झाल्या!"

"झाले तर झाले," मी म्हटलं. "जा, खेळा."

टीचर हसली. "मग दोन माझे," म्हणाली आणि आत गेली.

त्या रविवारी दोन वाजता दोघं-तिघं पोरं गेली. हात धुतलेलेही नव्हते, डोळ्यांवर झापड. त्यातलं एक गोष्टीतच घोरायला लागलं. पुढच्या रविवारी एकटी हेतवी. त्यानंतर कोणीच नाही. मला वाटलं टीचर बंद करील. पण वॉचमन मला म्हणाला, "टीचर रोज के माफिक आती है. मतलब इतवार को. दरवाजा खोलके बैठती है."

एका रविवारी मी सतरंजी घालायला जरा लवकरच खाली उतरले. हॉलचं दार सताड उघडं. आत टॉवेल पसरलेला, पायपुसणं पसरलेलं आणि टीचर खुर्चीवर ताठ बसून रिकाम्या फरशीला सांगत होती, "...तेव्हा काका म्हणाला, तू आधी निवड." मी आत आले तरी ती थांबली नाही. धोंड्यांपर्यंत नेऊन मगच थांबली.

"कोणाला सांगतेस?"

"वेळ माझी आहे. वेळ झाली की गोष्ट झाली पाहिजे."

"घशाला कोरड पडेल. कोण ऐकतंय इथे?"

"आता तुम्ही ऐकलीत की."

मी खुर्ची ओढली आणि समोर बसले. "टीचर, खरं सांग. तुला चार हवे होते ना?"

ती टॉवेलची घडी घालायला लागली. चार पदरी घडी झाली, उलगडली, परत घातली.

"तुम्हाला विचारलं ना वहिनी, तेव्हा मनात म्हणत होते, देवा, हिला दोन म्हणायची बुद्धी दे."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? म्हणायचं होतं, चार माझे!"

"पोरं बघत होती."

"पोरं आता घरी झोपलीत. बघायला कोण आहे?"

"म्हणून तर आता मोडायचं नाही," ती म्हणाली. मग टॉवेलकडेच बघत, "भाजीचं काही नाही हो. वाकडा दुधी काय, सरळ दुधी काय, शिजला की सारखाच. पण हे... घरात आठवडाभर मी बोलू तरी कोणाशी? सगळं रविवारसाठी साठवून ठेवते. काय सांगायचं, कसं सांगायचं, ओवी काय आडवं बोलेल, चिन्मय काय विचारील. चार वाजले की..."

मी म्हटलं, "ऊठ, मला झाडू मारायचाय."

त्या दिवशी भजन झाल्यावर मी बायकांना सांगून टाकलं की पुढल्या रविवारपासून दोन वाजता. ओरडा झाला. कमळाबाई म्हणाल्या, "वेड लागलंय काय तुला?" मी म्हटलं, ज्यांना यायचंय त्यांनी यावं, ज्यांना घोरायचंय त्यांनी घरी विठ्ठल विठ्ठल म्हणत घोरावं. मग टीचरच्या दारावर गेले.

"चार तुझे. आम्ही दोनला बसतो."

"नाही. तुम्ही चार निवडलेत. दिलेलं मी परत घेत नाही."

"तू कोण देणारी? हॉल सोसायटीचा आहे."

"तुम्ही माझ्यासाठी करताय. ते मला नको."

"तुझ्यासाठी माझं काय अडलंय? कमळाबाईंना हल्ली दुपारी झोपच येत नाही. रात्रीची झोप बरी लागावी म्हणून डॉक्टरनेच सांगितलंय, दुपारी जागं राहा."

"खरंच?"

"विचार जा तिला."

ती विचारायला जाणार नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्याची झोपमोड ती करत नाही. तरी दारातून हलेना. मग मी म्हटलं, "हे बघ, आम्ही दोनला बसणार म्हणजे बसणार. चारला कोणीच नाही बसलं तर नाईक ती वेळही भाड्याने देतील. मग पोरांना सांग तू, धोंडे."

तेव्हा कुठे ती "बरं" म्हणाली.

रविवारी आमचं भजन आटोपलं. अर्ध्या बायका आल्याच नव्हत्या, आलेल्या अर्ध्या पेंगत होत्या. कमळाबाईंचे टाळ आमच्यापेक्षा दोन ओळी मागून येत होते. मी सतरंजी गुंडाळत होते तेवढ्यात पॅसेजमध्ये धाडधाड पायांचे आवाज आले. चार वाजलेत हे ओवीने घरोघर बेल मारून सांगितलं होतं. सगळी पोरं आत घुसली आणि फरशीवर ठाण मांडून बसली. केस विंचरलेले, पावडर थापलेली, चिन्मयच्या तोंडात अजून बिस्कीट.

टीचर दारातून आली. इस्त्रीची निळी साडी, हातात टॉवेल आणि पायपुसणं. येऊन पोरांसमोर उभी राहिली.

"टीचर, सुरू करा ना," चिन्मय म्हणाला.

"विसरलात का टीचर? मी सांगू?" ओवी म्हणाली. "दोघांची मेंढरं खूप झाली..."

"थांबा रे," टीचर म्हणाली. "दोन मिनिटं गप्प बसा. बघू दे मला जरा."

पोरं गप्प बसली. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मी सतरंजी काखेत मारली, झोपेला आलेल्या कमळाबाईंना दंडाला धरलं आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं.