खानविलकरांचा नंबर गेला

रोज सकाळी साडेसहाला आमचे शेजारी खानविलकर गॅलरीत उभे राहून समोरच्या पाट्या मोठ्यानं वाचत. "फरसाण मार्ट. आमची कुठेही शाखा नाही." मग, "येथे वाहने उभी करू नयेत." मग त्याच पाटीखाली उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर. एवढं झालं की "कोरं करकरीत!" असं स्वतःलाच सांगायचे आणि खाडीपुलाच्या दिशेनं हात जोडायचे. बिल्डिंगमध्ये नव्यानं आलेल्यांना वाटे, तिकडे एखादं जागृत देवस्थान असावं. तिकडे पुलापलीकडे खानविलकरांच्या डोळ्यांचे डॉक्टर होते.

ही नव्वदच्या दशकातली वाशी. खानविलकर तेव्हा एकेचाळीस वर्षांचे, बिनलग्नाचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. आई कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर असायच्या. हे पाट्यावाचन सुरू होण्याआधी खानविलकरांच्या चष्म्याचा नंबर उणे साडेआठ आणि माझा उणे सहा, त्यामुळे आमच्यात भाऊबंदकी नसलेली भाऊबंदी होती. बसचा नंबर कंडक्टरला विचारावा लागणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाच कळायचं.

पण ज्याला लांबचं दिसत नाही, त्याला चष्मा काढला की जवळचं फार बारीक दिसतं. खानविलकरांनी या गुणाचा दवाखानाच काढला होता. आजूबाजूला सगळीकडे बांधकामं चाललेली, पोरं दिवसभर तिथल्या फळ्यांवर उड्या मारायची आणि संध्याकाळी बोटात कुसळं घेऊन खानविलकरांच्या दारात रांग लावायची. ते चष्मा कपाळावर सरकवत, पोराचं बोट नाकापाशी धरत आणि मेणबत्तीवर तापवलेली सुई हातात घेऊन म्हणत, "पेशंट, रडायचं नाही, पाढा म्हणायचा." बाराचा पाढा संपायच्या आत कुसळ बाहेर. वर लिमलेटची गोळी.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ अख्ख्या जगाला दिसतं वहिनी," ते मला म्हणायचे. "बोटातलं फक्त मला!"

माझ्या चिनूच्या टाचेत एकदा काचेचा कण गेला होता. डॉक्टरांना तो सापडेना. पोर दोन दिवस लंगडत होती. खानविलकरांनी टाच नाकाला टेकेपर्यंत जवळ घेतली आणि दहा मिनिटांत तो कण माझ्या तळहातावर ठेवला. त्या माणसाचे उपकार मी तेव्हापासून मानत आले आहे. पुढं जे सांगणार आहे ते चेष्टेनं सांगितलं, तरी हे आधी लक्षात ठेवावं.

एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "वहिनी, लेझर! आधी डावा, मग उजवा. बुबुळावरून किरण फिरवतात आणि नंबर पुसून टाकतात."

"आणि धोका?"

"डॉक्टरांनी सगळं सांगितलंय. थोडा नंबर उरेल, दिव्यांभोवती वलयं दिसतील आणि तुमच्या वयाला जवळचं वाचायला चाळिशी लागेल म्हणाले."

"म्हणजे एका दारानं चष्मा घालवायचा आणि दुसऱ्या दारानं आत घ्यायचा! कशाला हा उपद्व्याप?"

"पाट्या वाचायच्यात," खानविलकर म्हणाले आणि घरात गेले.

दोन्ही डोळ्यांचं काम झालं. आठवडाभर डोळ्यांतून पाणी, जळजळ, काळा गॉगल. महिना दोन महिने सगळं धुरकट. मग एका सकाळी गॅलरीतून आरोळी आली, "फरसाण मार्ट!" चिनू जिन्यातून धावत सुटली, "खानविलकरकाकांचा नंबर गेला!" खालच्या मजल्यावर आमचे सेक्रेटरी पाटील राहायचे. मूळचे इथल्या खाडीकाठच्या गावातले, फार तत्पर माणूस. बिल्डिंगमधला एकमेव टेलिफोन खानविलकरांकडे होता. तासाभरानं पाटील माझ्या दारात.

"म्याडम, खानविलकरांचा नंबर गेला तं मना कोन सांगला नाय! पन टेन्शन घेऊ नका. मी कंप्लेन केली हाय, दुपारी मानूस येतो."

दुपारी लाइनमन खरोखरच आला. त्यानं चालू फोन उघडून पाहिला, आणि त्यानंतर तो आठ दिवस बंद होता. खानविलकर सगळ्यांना सांगत सुटले, "माझे दोन्ही नंबर गेले!"

पुढचे निकाल डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम लागले. पाऊण नंबर उरला. संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला जास्वंदीएवढं वलय. "बारा महिने दिवाळी, तीही फुकट," म्हणायचे. डोळे कोरडे पडत, म्हणून खिशात थेंबांची बाटली. आणि नसलेला चष्मा नाकावर सरकवायची सवय काही गेली नाही. बोट यायचं, भुवयांच्या मधे टेकायचं आणि ओशाळून खाली जायचं.

यथावकाश चाळिशीही आली. ती मात्र त्यांनी कुणाला दाखवली नाही. वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचे. हात पुरेना तेव्हा वाचायचं सोडून दिलं.

अशात चिनूच्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ गेलं. ती सवयीनं त्यांच्याकडे गेली, मागोमाग मी. त्यांनी अंगठा नाकापाशी धरला. मग लांब धरला. मग कपाटातून चाळिशी काढून लावली. चिनूचा बाराचा पाढा संपला, तेराचा संपला. सुई हातातच राहिली. "डॉक्टरांकडे घेऊन जा वहिनी," ते हळूच म्हणाले. "मला नुसता अंगठा दिसतोय." गोळी मात्र त्यांनी दिली.

पोरांना बातमी कळली. दारातली रांग बंद झाली. ज्या घरात रोज संध्याकाळी पाच-सहा पाढे चालायचे, तिथं आता फक्त रेडिओ लागायचा. मला भारी वाईट वाटलं आणि रागही आला. सोन्यासारखा गुण या माणसानं चार पाट्यांपायी घालवला! शिवाय माझ्या मनातही ऑपरेशन घोळत होतंच. एका रविवारी मी सरळ जाऊन विचारलं, "खरं सांगा, पस्तावलात की नाही?"

ते आईंच्या पायांना तेल लावत होते. हात थांबला नाही.

"पोरांची आठवण येते," म्हणाले. "खोटं कशाला बोलू? दार वाजलं की अजून सुई शोधतो. पण वहिनी, आईची खाट या भिंतीला, माझी गादी त्या भिंतीला. सकाळी डोळे उघडले की मला समोर नुसतं पांढरं दिसायचं. ती हलतेय की नाही, श्वास चालू आहे की नाही, काही कळायचं नाही. चष्मा चाचपडायचो. कधी गादीखाली, कधी पायाखाली. तो सापडेपर्यंतचा वेळ... रोज सकाळी जीव जायचा माझा. हाक मारायची तर धीर होत नव्हता. तिनं ओ दिली नाही तर? आता डोळा उघडला की पडल्यापडल्या दिसतं. चादर वर-खाली होतेय. बस. मग दिव्यांना वलयं असू देत, नाहीतर आणखी काही."

ते चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

आईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"तेचं डोलं कितपत सुधारलंय देवाक ठाऊक," त्या कानाशी कुजबुजल्या. "म्हनून मी आपली पाचलाच जागी होतंय बाय. नि तो उठंपर्यंत चांगला मोठा मोठा श्वास घेतंय. चादर लांबनं दिसाया हवी ना."

आतून खानविलकरांनी विचारलं, "वहिनी, साखर किती?" मी चष्मा काढून पदरानं पुसत होते. म्हटलं, कितीही घाला.