नन्नाकाकांवर कृपा करण्याचा अधिकृत प्रयोग

देवाची कृपा माणसाला नाकारता येते की नाही, हा प्रश्न भरल्या पोटीच सुचतो. आमच्या चर्चच्या मंडळीत भरल्या पोटांची टंचाई नसल्यामुळे तो एका रविवारी उपासनेनंतर सुचला, आणि पुढच्या रविवारपर्यंत आमचे दोन गट झाले होते.

'अटळ' गटाचं म्हणणं असं की, देवाने एकदा कृपा करायची ठरवली की ती कुणाच्या बापाला टळत नाही. या गटाचे पुढारी दातांचे डॉक्टर. (त्यांच्या खुर्चीत बसलेल्याने यशस्वी प्रतिकार केल्याचं एकही उदाहरण नाही.) 'ऐच्छिक' गटाचं म्हणणं असं की, देव हात पुढे करतो, धरायचा की नाही हे माणूस ठरवतो. यांचे पुढारी विमा एजंट. (भल्याची गोष्ट माणूस किती सहज नाकारतो, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.) दोघे सख्खे साडू. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि प्रकृतीच्या कारणास्तव रजा टाकली.

मी मंडळीचा चिटणीस, म्हणजे तटस्थ. (तटस्थ माणसाला दोन्हीकडच्या लग्नांची आमंत्रणं येतात.) एक गट 'आमेन' म्हणाला की दुसरा खोकायला लागतो, इथवर मजल गेली तेव्हा मीच सुचवलं की, नुसता वाद घालण्यापेक्षा प्रयोग करून पाहू. प्रयोगाला माणूस हवा होता, आणि तो असा हवा होता की नाकारण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नसावा.

चर्चच्या मागच्या गल्लीत नन्नाकाका कुलपं-किल्ल्या दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे घर. कायम नन्नाचा पाढा, म्हणून हे नाव. भर पावसात शेजाऱ्याने छत्री पुढे केली, नको. मोफत चष्मे वाटले, नको. (दिसत नव्हतं, तरी नको.) यामागचं कारण असं सांगतात की, वडील वारले त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी घराचं कुलूप बदललं. त्यांची मोठी बहीण बाजारातून परतली आणि जुनी किल्ली हातात धरून दारात उभी राहिली. बऱ्याच वेळाने निघून गेली. तेव्हापासून काकांनी कुणाकडून काही घेतलेलं नाही. "एवढं घेऊन बसलोय. आता आणखी कुणाकडून काय घेऊ?" असं ते एकदा मला म्हणाले होते. हे मत धर्मशास्त्रीय नसल्यामुळे मी ते दोन्ही गटांपुढे मांडलं नाही.

प्रयोग अत्यंत शिस्तीत सुरू झाला. अटळ गटाने कृपा पुरवायची आणि ऐच्छिक गटाने काकांच्या स्वातंत्र्याचं रक्षण करायचं, अशी वाटणी ठरली. पहिल्या दिवशी घोंगडी गेली. नको. मग दुकानाचं शटर रंगवलं. काकांनी ते खरवडून काढलं. त्यांची दाढ ठणकत होती, तेव्हा डॉक्टरांनी ती फुकट काढायची तयारी दाखवली. तरी नको. शेवटी अटळ गटाने कृपेला थोडा हातभार लावायचं ठरवलं आणि चौघांनी दवाखान्यात न्यायला काकांना उचललं. (कृपा अटळ होती. काका पायरीवर निसटले.)

ऐच्छिक गटही हात बांधून बसला नव्हता. काकांवर दबाव येऊ नये म्हणून त्यांनी दाराशी दोन स्वयंसेवक नेमले. एका दुपारी काका शेजारणीकडून पाण्याचा पेला घ्यायला निघाले, एवढ्यात स्वयंसेवकाने तो वरच्या वर काढून घेतला. "काका, तहानेच्या भरात निर्णय घेऊ नका!" महिनाअखेरीस मी आकडेवारी मांडली, तेव्हा एकूण नकारांपैकी निम्मेच काकांचे स्वतःचे निघाले. बाकीचे त्यांच्या वतीने देण्यात आले होते.

आणि मग, कुणी न बोलावता, काकांची ताई आली. केस पूर्ण पांढरे, खांद्याला पिशवी. दाराशी थांबून म्हणाली, "अरे, मला घर नको, वाटा नको. झालं गेलं ते मी सोडून दिलंय. आत घेतोस का?"

काका चौकट धरून उभे होते. "ताई, मी कोणत्या तोंडाने..."

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

मला भरून आलं. (तटस्थतेला बाध येणार नाही इतपत.)

तोवर दोन्ही गट धावत आले. "बघा, अटळ!" डॉक्टर ओरडले. "थांबा, काका अजून हो म्हणालेले नाहीत!" एजंट ओरडले. "आणि त्यांच्यासमोर कुणी रडू नका, दबाव येतो!" मग हरकती निघाल्या. ताई मंडळीची सभासद नाही, तर तिची क्षमा ग्राह्य धरायची का? काकांच्या डोळ्यांतलं पाणी म्हणजे होकार की नुसतं पाणी? ते एक पाऊल मागे सरकले, ही माघार की तिला दिलेली वाट? मला प्रयोगाचे नियम वाचून दाखवायला सांगण्यात आलं. मी चष्मा लावून वाचत असताना दोघं आत कधी गेली, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि हसण्याचा. (काहींना तो रडण्याचा वाटला.) बाहेर दोन्ही गटांनी आपापला विजय जाहीर केला, आणि भांडता भांडता डॉक्टर थेट साडूंच्या लग्नातल्या मानपानापर्यंत पोचले.

तेवढ्यात खिडकी उघडली. "उन्हात काय उभे राहिलात?" ताई म्हणाली. "चहा टाकलाय सगळ्यांचा. आत या, भांडायचं ते बसून भांडा."

मागून काका म्हणाले, "या हो." हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकला.

कुणी हललं नाही. डॉक्टर म्हणाले, साडू आत जाणार असतील तर मी येणार नाही. साडूंनी स्वेच्छेने तेच सांगितलं. मी तटस्थ, दोन्ही बाजू बाहेर असताना मी एकटा आत जाणं पक्षपाताचं झालं असतं. अशा रीतीने अख्खी मंडळी भर उन्हात उभी राहून "नको, नको" म्हणाली. कित्येक वर्षांत आमचं एखाद्या गोष्टीवर असं एकमत झालं नव्हतं. चहा निवला.

वाचक म्हणतील, आम्ही असतो तर गेलो असतो. मग जरूर जा, ताईने दार लोटून ठेवलंय, कडी लावलेली नाही. फक्त एक कल्पना देऊन ठेवतो. ज्या माणसाशी तुम्ही बोलत नाही तो आधीच आत जाऊन बसलाय, आणि रिकामी खुर्ची आहे ती त्याच्याच शेजारी.