नत्थुजींच्या इसबाचं पथ्य-मंडळ

अमेरिकेतले लोक आपसात लढायला लागले आणि हिवरखेडच्या नत्थुजींचा कापूस महाग झाला. त्याच साली त्यांच्या दोन्ही हातांवर इसब उठला. पहिली गोष्ट आनंदाची, दुसरी खाजेची. दोहोंची गाठ पडली अमरावतीच्या बाजारात. तिथे भाव तोंडानं सांगायची रीत नव्हती. दलालानं रुमालाखाली शेतकऱ्याची बोटं धरायची, दाबायची, सौदा ठरवायचा. दलाल पंजाबरावांनी रुमाल टाकला, नत्थुजींचा हात पाहिला आणि रुमाल उचलला.

“इसब लागत नाही कोनाले,” नत्थुजी म्हणाले.

“लागत नसंल. पन मी काहून आजमावू?”

भरल्या गाड्या परत आल्या. हा गावाच्या अब्रूचा प्रश्न असल्यामुळे खुशालराव पाटलांच्या अध्यक्षतेखाली पथ्य-मंडळ नेमण्यात आलं. रोगी नजरेसमोर असावा म्हणून सभा त्याच्याच ओसरीवर भरत.

पहिल्या सभेत वांगं वर्ज्य झालं. खाज कायम राहिली, म्हणजे वांगं निर्दोष ठरलं. परंतु बंदी उठवल्यास सूचना करणाऱ्याचा अपमान होतो, सबब ती कायम ठेवून तुरीचं वरण बंद करण्यात आलं. मग मिरची, दही, अंबाडी. ज्याला जे पचत नसे, ते तो नत्थुजींना वर्ज्य करी. पाटलांना दात नव्हते, म्हणून हुरडा गेला. होळीपर्यंत ताटात एकटी भाकर उरली आणि तिच्याबद्दलही चौकशी सुरू होती.

सभासदांना मोहाची दारू देणं हा यजमानधर्म होता. भुकेल्या पोटी यजमानही घेत, आणि सकाळी कोपरापर्यंत खाजवत. हे पार्बताबाईंच्या ध्यानात आलं. भरसभेत त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अवो, दारू पेल्याच्या दुसऱ्या दिवशी लयच खाजवता तुमी. तेच बंद करून पाहा ना!”

सभासदांनी आपापले पेले जवळ ओढून घेतले.

“वयनी,” पाटील गंभीरपणे म्हणाले, “मंडळाचा अधिकार खाण्यापुरता हाय. पेन्याचं खातं आमच्याकडे नाही.”

पार्बताबाईंनी अधिकाराची वाट न पाहता मडकी उकिरड्यावर पालथी केली. पुढच्या सभेला एकही सभासद फिरकला नाही. एकाला ताप होता, बाकीचे त्याला पाहायला गेले होते. नत्थुजी पोटभर वरण-भाकर जेवू लागले. दीड महिन्यात इसब बराचसा ओसरला.

पुन्हा अमरावती. पंजाबरावांनी रुमालाखाली बोटं धरली.

“वा! हात तं लोण्यासारखा झाला. काय सोडलं, भाऊ?”

“दारू.”

बोटांची पकड सैल झाली.

“साफ सोडली?”

“साफ.”

“मंग सौदा झाल्यावर बसाचं कोनासंग?” असं म्हणून पंजाबराव रुमाल झटकत शेजारच्या गाडीकडे गेले. तिथल्या शेतकऱ्याच्या हातावर खरूज होती, पण माणूस बसणारा होता.

वाचकहो, नत्थुजींना खुशाल हसा. फक्त तुमच्या दुखण्यावर सल्ला द्यायला जे येऊन बसतात, त्यांच्यापुढे तुम्ही काय ठेवता तेवढं एकदा पाहा. ते सोडून बाकी सगळं ते तुम्हाला वर्ज्य करतील.