झोंबतंय म्हणजे गुण येतोय!

माझ्या हातून कधी काही बिघडत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघता बघता केस पिकले! नळ, टाईल्स आणि आरसे विकणाऱ्या दुकानात मी पुढच्या टेबलावर बसायचे. आलेलं गिऱ्हाईक टाईल्स बघायला आलंय की नुसती एसीची हवा खायला, हे मी ते पायपुसण्यावर असतानाच ओळखायचे. तेव्हा स्वतःचा चेहरा दुरुस्त करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं तर त्यात नवल काय?

झालं असं, की एका शनिवारी धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वडिलांनी नुकतंच दुकान त्यांच्या हाती दिलं होतं आणि नव्या भाडेकरूनं खिळे ठोकत सुटावं तसे ते बदल करत सुटले होते.

"ताई, तुम्ही अनुभवी आहात," ते म्हणाले.

ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते, त्याच्या शेवटी माणसाची खुर्ची जाते!

"मागे गोदामात भरवशाचं माणूस हवंय. आणि पुढे, म्हणजे, कसं सांगू... जरा फ्रेश चेहरा हवाय."

"म्हणजे माझा शिळा झालाय?"

"तसं नाही हो! सोमवारी सविस्तर बोलू."

आमचं गोदाम म्हणजे बिनखिडकीची खोली, छतापर्यंत खोकी आणि मिणमिणता एक दिवा. तिथं गेलेला माणूस फक्त हजेरीपुरता उरतो. बाहेर आले आणि विक्रीला ठेवलेल्या भिंगाच्या आरशात डोकावले. नाकावरची छिद्रं बघून वाटलं, यातून पीठ चाळून घेता येईल!

शेजारच्याच घरात माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात. सौंदर्य या विषयातलं चालतंबोलतं विद्यापीठ! प्रवेश सगळ्यांना, पास कुणीच नाही. त्यांना सगळं सांगितलं.

"एवढंच ना? अगं, लिंबानं काळेपणा जातो, सोड्यानं मेलेली कातडी निघते, टूथपेस्टनं पुळी बसते आणि गार पाण्यानं छिद्रं बंद होतात."

"सगळं एकदम करायचं?"

"सोमवारपर्यंत हवंय ना तुला? मग! आणि सगळं घरातलं आहे, नैसर्गिक. त्यानं अपाय कसा होईल?"

विंचूसुद्धा नैसर्गिकच असतो, हे उत्तर मला सुचलं, पण मंगळवारी.

"थोडं झोंबेल," जाऊबाई म्हणाल्या. "पण झोंबतंय म्हणजे गुण येतोय! आणि लावून उन्हात बस. कपडे उन्हात घातले की पांढरे होतात की नाही?"

रविवारी दुपारी लिंबू आणि सोडा बोटांनी फासून मी गच्चीवर बसले. हनुवटीवरच्या पुळीला टूथपेस्टचा टिळा. जरा वेळानं चेहरा असा पेटला, की गुण नुसता येत नव्हता, मोर्चा घेऊन येत होता! जाऊबाई खालून ओरडल्या, "पुसू नकोस हं! सोस जरा!" मी सोसलं. सोसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सोमवारी सकाळी आरशात बघितलं आणि मागे कुणी उभं आहे का म्हणून वळून पाहिलं. डाव्या डोळ्याखाली टरटरून सूज. गालावर लाल पट्टे, जिथं जिथं बोटं फिरली तिथं तिथं. हनुवटीवर भाजल्यासारखा चट्टा. वर पावडर थापली, तर ती भिंतीच्या पोपड्यासारखी निघून आली.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. समोर बसून चहा प्यायले, "साखर कमी आहे," म्हणाले आणि कामाला लागले.

रजा घेतली असती तर टेबल गेलंच असतं. म्हणून तशीच दुकानात गेले. मला बघताच आमच्या कॅशियरबाईच्या हातातलं पेन खाली पडलं.

"ताई! कुणी केलं हे?"

या वयात लिंबू चोळून घेतलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तोंड तर असं! मी म्हटलं, "काही नाही गं. घरातलंच आहे."

"घरातलंच! कधी झालं?"

"काल दुपारी. सुट्टी होती ना, निवांत वेळ मिळाला."

"आणि घरात कुणी अडवलं नाही?"

"जाऊबाईंचाच तर पुढाकार! त्या म्हणाल्या, सोस जरा, तुझ्या भल्यासाठीच आहे."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"सोसल्याशिवाय फळ मिळतं का? पुढच्या रविवारी पुन्हा करायचं ठरलंय."

कॅशियरबाईनं हंबरडाच फोडला. माझ्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं, हिलाही लिंबाचा अनुभव दिसतोय बिचारीला!

थोड्या वेळानं धाकटे मालक स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले. माझ्याकडे बघवेना म्हणून नळांकडे बघत म्हणाले, "ताई, मला खरंच कल्पना नव्हती. तुमची जागा इथंच. तुम्हाला कुणी हलवणार नाही."

एका दिवसात गुण! मी मनातल्या मनात जाऊबाईंचे पाय धरले. दिवसभर सगळे माझ्याशी दवाखान्यातल्यासारखं हळू आवाजात बोलत होते. कुणी पाणी आणून दिलं, कुणी पंखा माझ्याकडे वळवला. दुपारी आमचा टेम्पोवाला आला, मुठी आवळून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, फक्त पत्ता सांगा. पुढचं मी बघतो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला!

आता तुम्ही म्हणाल, तिथंच खरं सांगून टाकायचं. मी तोंड उघडलंही होतं हो! पण समोर माझं टेबल दिसलं, त्यावरची माझी घंटी, रस्त्याकडेची ती काच. मागे गोदामाचं दार. यांचं नाव खराब होत होतं, पण टेबल शाबूत राहत होतं. मी तोंड मिटलं. संध्याकाळी यांच्याशी दोन शब्द गोड बोलू, म्हणजे फिट्टंफाट, असा सोयीस्कर विचार केला.

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच मागून तिघं आत घुसली: धाकटे मालक, कॅशियरबाई आणि टेम्पोवाला. हे खिडकीशी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं घालून बसले होते.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" मालक कडाडले. "बघा, या बाईच्या चेहऱ्याकडे बघा जरा!"

हे गडबडून उठले. भिंग डोळ्याला तसंच. त्या भिंगातून त्यांना केसाहून बारीक स्प्रिंगवरचा धुळीचा कण दिसतो. ते माझ्या अगदी जवळ आले, हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे केला आणि निरखून बघू लागले. किती वर्षांनी बघत होते! माझ्या छातीत उगीचच धडधडलं.

"काय झालंय?" हे म्हणाले. "नेहमीसारखाच तर आहे."

"निर्लज्ज माणूस!" कॅशियरबाई किंचाळली.

"अहो, पण आधी वेगळा होता का?" यांनी अगदी मनापासून विचारलं.

टेम्पोवाल्यानं बाह्या सरसावल्या. खरं सांगते, त्या क्षणी त्यानं एक ठेवून दिली असती तर मी आडवी गेले नसते!

तेवढ्यात जाऊबाई मागच्या दारानं आल्या. हातात वाटी, पदर खोचलेला. "अगं, कालच्या लिंबू-सोड्यानं फार झोंबलं का? आज व्हिनेगर लावू या. त्यानं तर कातडी सोलूनच निघते बघ! भावजी, सरका जरा बाजूला."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"लिंबू?" मालक म्हणाले. "म्हणजे हे तुम्ही... तुमच्या हातानं?"

"फ्रेश चेहरा हवा होता ना तुम्हाला," मी पुटपुटले.

बेसिनचं बूच काढल्यावर पाणी जातं तशी त्यांच्या चेहऱ्यावरची दया गोल गोल फिरत निघून गेली. टेम्पोवाल्यानं बाह्या खाली केल्या, जरा हिरमुसलाच. कॅशियरबाई तर सकाळचे अश्रू परत मागावेत अशा नजरेनं बघत होती. तिघं गेल्यावर हे पुन्हा घड्याळापाशी बसले आणि म्हणाले, "मग नेमकं कुठं झोंबलंय?"

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "लिंबू लावून उन्हात बसलात?"

"नैसर्गिक असतं ना!"

"आगही नैसर्गिकच असते. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते. सोडा वरचं कवच बिघडवतो. आणि टूथपेस्ट दातांसाठी असते, हे तिच्या नावातच आहे."

"पण झोंबतंय म्हणजे गुण येतोय ना?"

"झोंबतंय म्हणजे धुऊन टाका."

"आणि गार पाण्यानं छिद्रं बंद..."

"छिद्रांना दारं नसतात, बाई. ती उघडत नाहीत, मिटत नाहीत."

मग त्यांनी एक साधं मलम दिलं, ऊन कटाक्षानं टाळायला सांगितलं, डाग जायला काही महिने लागतील म्हणाल्या. आणि मी उठताना सहज बोलून गेल्या, "तशी छान होती हो तुमची त्वचा. काही करायची गरजच नव्हती."

होती!

मालकांनी मला गोदामात पाठवलं. "डाग जाईपर्यंतच हं, ताई. तुमच्या भल्यासाठीच." माझ्या भल्याची काळजी करणारी माणसं किती आहेत बघा! डाग हळूहळू गेले. पुढे बोलावणं काही आलं नाही. पुढच्या टेबलावर आता एक मुलगी बसते, मालकांना हवी होती तशी फ्रेश. गिऱ्हाईकाला टाईल आणि फरशीतला फरक विचारते.

परवा ती एका नळाचं खोकं शोधत माझ्याकडे आली. दिव्याखाली मला बघून थबकली.

"ताई, तुमची स्किन कसली मस्त आहे! एक डाग नाही. काय लावता?"

"अंधार," मी म्हटलं.

"कुठल्या कंपनीचा?"

"आपल्याच."