ओळख करून देणारे सगुणबाब

मृत्यू म्हणजे शेवट नव्हे, ती फक्त एक ओळख आहे. हे वाक्य गोव्यातल्या पार्से गावातले माझे शेजारी सगुणबाब यांचं असून त्यांच्या कंपनीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं. त्याखाली छापलेलं असतं : लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पाकिटात पांढरी पूड असते. ती बुरशी आहे. काजूचा मोहर जाळणाऱ्या ढेकण्या नावाच्या किड्याच्या अंगाला ती लागली की आत शिरते, आतच वाढते आणि काही दिवसांनी त्याच्या सांध्यासांध्यांतून बाहेर येते. मरण्याआधी तो किडा शेंड्यावर चढतो, फांदी घट्ट धरतो आणि तसाच राहतो. सकाळी सगुणबाबांच्या बागेत गेलात तर शेंड्याशेंड्यावर पांढरे किडे दिसतात, सगळ्यांची तोंडं वर. आरतीला उभे राहिल्यासारखे. आरती मात्र ऐकू येत नाही.

"हांव मारिना," सगुणबाब म्हणतात. "हांव फकत वळख करून दितां. फुडलें तांचें ते पळयतात." ओळख आपली, पुढचं त्यांचं ते पाहतील : लग्नं जुळवणारी माणसं याच सुरात बोलतात, आणि त्यांचीही जबाबदारी इथेच संपते.

सगुणबाब साखळी गावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात. हे स्टार्टअपमध्ये शिरले. त्या शब्दाला साजेशी काचेची कचेरी नसल्यामुळे कंपनी स्वयंपाकघरात आहे. बुरशी उकड्या तांदळावर वाढते. कुकरमधला पहिला भात बुरशीचा, उरला तर संस्थापकांचा.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे त्या घरातली शांतता. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लावला की जेवणात निम्मे किडे असतात. त्यांच्या ट्यूबखाली काहीच नसतं. साखरेचा डबा उघडा असतो आणि मुंगी नसते. कोळी जाळी तशीच टाकून गेले, त्यांच्यामागून पालीही गेल्या. तिथे बसलं की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. मी भुतं मानत नाही; पण असलीच, तर त्या घरात त्यांनाही एकटं वाटेल.

माझी तक्रार वेगळीच होती. कीडनियंत्रण कंपनीच्या कुंपणाला लागून माझी वांगी, आणि ती दर वर्षी किडकी. औषध मागितलं की सगुणबाब म्हणायचे, "तुज्या परसांत नाका, भाऊ." कारण सांगायचे नाहीत. स्वतः मात्र अधूनमधून हातात नारळाची करटी घेऊन यायचे, माझ्या कुजक्या पाल्याखाली हात घालायचे आणि "सॅम्पल" म्हणून काहीतरी झाकून न्यायचे.

नवी बुरशी बाहेर काढायची तर ते आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं एकट्यानं घालता येत नाही. घालणाऱ्यानं थांबायचं आणि ऐकणाऱ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. त्याशिवाय ते देवाकडे पोचत नाही. त्यांच्या पत्नी शैलावहिनी होत्या तेव्हा कढी ढवळता ढवळता त्या आतून म्हणायच्या. मालिकेची वेळ झाली असली तर गाऱ्हाणं संपायच्या आधीच. वहिनी गेल्यावर एकदा मी विचारलं, "आता कोण म्हणतं?"

"म्हणटा कोण तरी," म्हणाले.

गेल्या हंगामात बंगळूरहून पैसे लावणारे दोघं आले. एक चष्मेवाला तरुण आणि ईशा नावाची पुण्याची मुलगी. त्यांना पटलं तर धारगळ गावात खरी प्रयोगशाळा. नाही पटलं, तर सगुणबाब कुकर विकून मोकळे होणार होते. पुरावा म्हणून त्यांनी घरच पुढे केलं होतं : या घरात एकही किडा दाखवा, कंपनी बंद करतो. चष्मेवाला टॉर्च घेऊन खाटेखाली सरपटला, कपाटामागे डोकावला. काही नाही. त्यानं मान डोलावली.

मग सगुणबाब देवासमोर उभे राहिले. पाहुण्यांना रीत ठाऊक नव्हती, म्हणून "व्हय" म्हणायचं काम माझ्याकडे.

"बा महाराजा, चारय दिकांच्या राखणदारा, आज ही वळख करून दितां. जो शेताक नाडता ताकाच धर, जो नाडिना ताका सोड, रे महाराजा..."

ते थांबले. माझ्या तोंडात चहाबरोबर घेतलेला उंडा होता. हा पाव वरून चामड्यासारखा असतो, तो घाईनं गिळता येत नाही. माझं "व्हय" निघेना. त्या शांततेत आतल्या न्हाणीतून आवाज आला.

किर्र.

आणि पुन्हा एकदा, जरा घाईनं. वहिनींचं "व्हय" अगदी याच जागी, याच घाईनं यायचं.

"सर," ईशा म्हणाली, "एकही किडा नाही म्हणालात ना?"

फ्रिजचा आवाज म्हणून सांगता आलं असतं. सगुणबाबांनी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. "तो किडो न्हय," ते म्हणाले. "तो घरचो."

ईशानं हे चष्मेवाल्याला इंग्रजीत समजावलं. तो विचारात पडला आणि मग उजळला. बाकी सगळे मेले, निरुपद्रवी तेवढा जगला, म्हणजे औषध 'टार्गेट-स्पेसिफिक' आहे. हा शब्द त्यानं दोनदा उच्चारला, मंत्रासारखा. प्रयोगशाळा मंजूर झाली.

ते गेल्यावर मी न्हाणीकडे गेलो. उंबऱ्याच्या फटीत ओला पंचा कोंबलेला. बाहेर खुंटीवर धुतलेले कपडे. बुरशीचे हात आणि बुरशीचे कपडे घेऊन सगुणबाब आत जात नसत. आत पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणाआड एक रातकिडा, आणि त्याच्यापुढे करटीत तवशाची, म्हणजे काकडीची, ताजी फोड.

"ती गेल्या उपरांत पयलें गाऱ्हाणें घातलें," ते मागून म्हणाले. "सवयीन थांबलों. आनी हाणें म्हळें, व्हय." मग म्हणाले, "कोणें तरी म्हणपाक जाय, भाऊ."

रातकिडा काही महिनेच जगतो, हे विज्ञानाच्या मास्तरांना मी सांगायला नको. वहिनींना जाऊन कितीतरी पावसाळे झाले; म्हणजे हा पहिला नव्हे. मी त्या "सॅम्पल"च्या करटीकडे पाहिलं आणि म्हणालो, "परसातला पाला मी काढत नाही."

"काडूं नाका," ते म्हणाले.

धारगळची प्रयोगशाळा आता सुरू झाली आहे. यंदाही आमची वांगी किडकीच निघाली.