वाटेत संपलेली साखर

आमच्या डहाणूत चहा टाकताना "साखर किती?" असं विचारतात. तांडेल सरांना मात्र कोणी विचारत नाही. विचारलं की सर साखर तांबड्या रक्तपेशीत शिरते कशी, ते सांगायला लागतात आणि चहाचं सरबत होतं.

सर जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले ते फक्त शाळेतून. "पेशीच्या पडद्यातून साखर अशीच घुसत नाही, भाऊ! प्रथिनांची दारं असतात. बाहेर जास्त, आत कमी, की दार तिला आत घेतं. इन्सुलिनची चिठ्ठीसुद्धा लागत नाही!" आणि गर्दी झाली तर? "तर गुजरातच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका! ट्रक कितीही येऊ देत, फाटकं तेवढीच." शेजारी असल्यामुळे हे मला झोपेतही म्हणता येतं.

सरांच्या बायकोला, आमच्या कमळकाकींना, मधुमेह आहे. पण चिकू काही सुटत नाही. तलासरीला बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी फुकटच्या शिबिरात रक्त तपासायला दिलं आणि साखर चक्क नॉर्मल आली! काकींनी गल्लीत चिकू वाटले आणि गोळ्या बंद केल्या.

शिबिरातलं रक्त वापीच्या लॅबला नेणारा टेम्पोवाला म्हणजे बहिणीचा दीर. तो एकदा सरांच्या घरी आला नि आम्हा शेजाऱ्यांसमोर कौतुकाने सांगू लागला, "अच्छाडला धाब्यावर मस्त जेवलो, जरा आडवा झालो, मग आरामात पोचवलं."

सर ताडकन उठले. "नळीचं बूच कुठल्या रंगाचं होतं?"

"लाल. का?"

"राखाडी पाहिजे! त्यात साखर टिकवायचं औषध असतं. अरे, तू जेवत होतास तेव्हा नळीतल्या पेशीही जेवत होत्या!"

आम्ही पोट धरून हसलो. काकी हसल्या नाहीत. "माझं चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला," म्हणाल्या, आणि पुन्हा तपासायला साफ नकार दिला. सरांनी दारं, नाका, फाटकं, सगळं परत सांगितलं. काकी अंगणात बोंबील वाळत घालत राहिल्या.

शेवटी सर ओट्यावर बसले. आम्ही तिथेच आहोत याचंही त्यांना भान नव्हतं.

"कमळे, मी तोंड उघडलं की लोक पळतात. दिसतं गं मला. तू एकटीच ऐकतेस. तुला काही झालं तर मी कोणाला सांगू?"

काकींनी पदराला हात पुसले.

"चला दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत ते सगळं पहिल्यापासून सांगा. इतकी वर्षं ऐकतेय, मला कधी कळलंच नाही."