किटलीवरचा पाठ

“माझ्या पाठात एक टिंबसुद्धा उसनं नाही!” विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगितलं. बाकीचे शिक्षक नेटवरून चित्रं, व्हिडिओ बिनदिक्कत उचलत आणि सर कॉपीराइटच्या नावानं त्यांचं डोकं खात. त्यात तपासणीचे साहेब सरांचा डिजिटल पाठ बघायला येणार होते. पाठ जमला तर हंगामी नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता!

म्हणून जलचक्राचा व्हिडिओ सरांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बनवला. खरं तर बायकोनं बनवला, तोही नकळत. उकळत्या किटलीवर गार ताट धरून ती मुलीला वाफेचं पाणी कसं होतं ते समजावत होती आणि सर दाराआडून गुपचूप मोबाईल धरून उभे होते. समजावणं इतकं सुरेख, की सरांनाही जलचक्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं! शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी एडिट करून कापलं.

साहेब मागच्या बाकावर बसले. सरांनी स्मार्टबोर्डवर ठळक लिहिलं, ‘दुसऱ्याचं वापरण्याआधी विचारा.’ मग व्हिडिओ लावला. वाफ निघाली, ताटाला थेंब धरले, साहेब मान डोलावू लागले. तेवढ्यात सरांच्या लक्षात आलं. कापलेला व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवरच राहिला होता. हा अख्खा होता! ते बोर्डाकडे झेपावले, कुठलंसं बटण दाबलं आणि आवाज दुप्पट झाला.

“वाफ अगदी तुझ्या बाबांसारखी!” बायकोचा आवाज वर्गभर घुमला. “तापली की छताला जाते, दटावलं की थेंब थेंब खाली येते!”

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं मात्र हात वर केला. “सर, तुम्ही त्यांना विचारलं होतं का?”

“अगं, घरचाच आवाज आहे!”

“घरचं म्हणजे आपलं, असं कुठल्या कायद्यात आहे?” साहेबांचं हसू मावळलं. “आत्ता विचारा. स्पीकरवर.”

सरांनी बायकोला फोन लावला. “अगं, ते किटलीचं... मी व्हिडिओ काढला होता. वर्गात दाखवला. चालेल ना?”

“अहो, माझं शिलाई मशीन तुमच्या भावाला देऊन टाकलंत, तेव्हा विचारलं नाहीत. आज विचारताय, तेही दाखवून झाल्यावर? नाही चालणार!”

“नोकरीचा प्रश्न आहे गं!” सर रडकुंडीला आले.

“मग सुरुवातीला माझं नाव. तुमच्या आधी. आणि बाबांचं वाक्य कापायचं नाही.”

“तेवढं सोडून बोल ना...”

“ते माझं आहे. घ्याल तर सगळं घ्या!”

सरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते. “मान्य,” सर कसेबसे म्हणाले.

सर कायम झाले. जलचक्र दरवर्षी याच व्हिडिओवरून शिकवायचं, असं साहेबांनी जाताना बजावलं. त्यामुळे दरवर्षी नवी तुकडी येते, किटली उकळते आणि सरांची उरलीसुरली अब्रू थेंब थेंब गळते. आता सर कितीही भडकले तरी पोरं उलट बोलत नाहीत. नुसती छताकडे बघतात.